मण्यार चावल्यावर शरीरातली वीज कुठे अडते?

पावसाळा लागला की कसबा बावड्यात दोन आकडे लहानथोरांना पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. नदी पात्राबाहेर येते, उसाच्या मळ्यात पाणी शिरते, बिळे बुडतात. मग उंदीर आणि बेडूक कोरड्या जागेकडे, म्हणजे आपल्या घरांकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतात.

त्यानंतरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असते. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो. त्याला ओकारी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो. पापण्या उघडायला गेले तरी उघडत नाहीत. घरच्यांना वाटते, पित्त झाले असेल, नाहीतर झोप पुरी झाली नसेल. कुणीतरी म्हणते, बाहेरचे काहीतरी आहे, देवर्ष्याकडे न्या. अंगावर जखम दिसत नाही, सूज नाही, रक्त नाही. सकाळ होईपर्यंत बोलणे बंद, हालचाल बंद, आणि मग श्वासही बंद.

विहारात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. तिथे हा विषय निघाला की मुले एकच प्रश्न विचारतात, "दात उमटले नाहीत, सूज आली नाही, मग माणूस मरतो कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोठ्या माणसांनाही माहीत असायला हवे, कारण त्या उत्तरावर जीव वाचणे अवलंबून आहे. म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

उत्तर थोडक्यात असे. मण्यारीचे विष माणसाचा मेंदू मारत नाही आणि सहसा हृदयही बंद पाडत नाही. ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप अडवते. निरोप अडला की छातीचे स्नायू हलत नाहीत आणि माणूस गुदमरतो. त्या वेळी तो मेल्यासारखा दिसतो, पण आतून तो जागा असू शकतो. त्याचा श्वास बाहेरून चालू ठेवला तर तो उठून घरी येऊ शकतो. हे का घडते ते समजण्यासाठी मज्जातंतूतली वीज कशी तयार होते आणि कशी पुढे जाते, ते आधी पाहू.

शरीरातला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

शरीरात वीज आहे म्हटले की डोळ्यांपुढे तांब्याची तार येते. मज्जातंतूतली वीज तशी नाही. तिच्यासाठी आपल्या नदीवरचा बंधारा हा जास्त जवळचा दाखला आहे.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण रोज पाहतो. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांमध्ये बरगे घालतात. वरच्या अंगाला पाणी तुंबते, खालच्या अंगाला पातळी कमी राहते. बरगे घातलेले असेपर्यंत सगळे शांत दिसते, पण त्या शांततेत जोर साठलेला असतो. एक बरगा काढला की पाणी उसळून खाली येते.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्याशिवाय पाठीच्या कण्यातून हातापायांकडे जाणाऱ्या चेतापेशी वेगळ्या. प्रत्येक चेतापेशीला एक लांब शेपटासारखा धागा असतो, त्याला अक्षतंतू म्हणतात. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो, पण त्याची जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी असते. या धाग्याभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. तो पडदा म्हणजे आपला बंधारा.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना क्षारांचे पाणी आहे. मिठातले सोडियम पेशीच्या बाहेर जास्त असते, आतल्यापेक्षा सुमारे दहापट. पोटॅशियम उलट, बाहेरच्यापेक्षा आत सुमारे तीसपट. हे कण विजेचा भार घेऊन फिरतात, त्यांना आयन म्हणतात. हा फरक आपोआप टिकत नाही. नदीचे पाणी वरच्या शेताला चढवायला जसा उपसा पंप लागतो, तसे पडद्यात बसलेले सूक्ष्म पंप सतत चालू असतात. एका फेरीत ते तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के आहे, पण शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के हिस्सा तो खातो. त्यातला मोठा भाग या पंपांवर खर्च होतो.

पडद्यातून पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत असते. धन भार बाहेर गेला की आतली बाजू ऋण होते. त्यामुळे चेतापेशी काहीही करत नसतानाही तिच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. घड्याळाचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा हा जेमतेम विसावा भाग. पण पडदा इतका पातळ आहे की त्या मानाने हा जोर फार मोठा ठरतो. आपल्या शरीरात ही वीज क्षणोक्षणी अशी साठवलेली असते.

पाचटाच्या आगीसारखा पुढे जाणारा निरोप

पडद्यात सोडियमसाठी दारे आहेत. एरवी ती बंद असतात. बोटाला काटा टोचला किंवा मेंदूने हात उचलायचा ठरवला की त्या जागी आतली ऋण पातळी थोडी कमी होते. उणे ७० वरून ती साधारण उणे ५५ मिलिव्होल्टपर्यंत आली की धोक्याची पातळी गाठली असे समजा. त्या क्षणी सोडियमची दारे धडाधड उघडतात. बाहेर तुंबलेले सोडियम आत घुसते आणि आतली बाजू क्षणभर धन होते, सुमारे अधिक ३० मिलिव्होल्टपर्यंत. लगेच सोडियमची दारे मिटतात, पोटॅशियमची दारे उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पातळी पुन्हा खाली येते. हा सगळा खेळ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपतो.

बंधाऱ्यावरचे बरगे माणूस काढतो. मज्जातंतूची दारे विजेची पातळी पाहून आपली आपणच उघडतात, हा मोठा फरक. एका जागचे दार उघडले की शेजारची पातळी बदलते, मग शेजारचे दार उघडते, मग त्याच्या शेजारचे. आयन पडद्यातून आडवे आत-बाहेर होतात. उघडण्याची लाट मात्र धाग्यावरून पुढे सरकते. ऊस तुटून गेल्यावर शेतात पडलेले पाचट एका टोकाला पेटवले तर आग जशी पुढे पुढे जाते, तसे हे आहे. आग मागे फिरत नाही, कारण मागचे जळून गेलेले असते. इथेही नुकतेच मिटलेले दार क्षणभर पुन्हा उघडत नाही, म्हणून निरोप एकाच दिशेने जातो. फरक एवढाच की पाचट एकदाच जळते, आणि मज्जातंतू काही सहस्रांश सेकंदात पुन्हा तयार होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाट एकतर पूर्ण उठते नाहीतर उठतच नाही. हळू चिमटा काढला तर छोटी लाट आणि जोरात काढला तर मोठी लाट, असे होत नाही. जोराचा चिमटा म्हणजे एकामागून एक जास्त लाटा. मेंदू लाटेची उंची मोजत नाही, तो लाटा किती भराभर येतात ते मोजतो.

सगळ्या तंतूंचा वेग सारखा नसतो. काहींभोवती मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टण असते, मधे मधे फटी ठेवून गुंडाळलेले. तिथे लाट एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी मारत जाते आणि वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. वेष्टण नसलेल्या तंतूंमध्ये वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचकाळला की आधी ठेच लागल्याचे कळते आणि मग क्षणभराने ती ठणकणारी वेदना येते, त्याचे कारण हेच. दोन निरोप एकाच वेळी निघाले, पण एक धावत आला आणि दुसरा चालत.

हे सगळे कळले कसे? माणसाचे तंतू फार बारीक, त्यात तपासणीची तार घालणे त्या काळी शक्य नव्हते. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात त्या समुद्री जिवाच्या, म्हणजे स्क्विडच्या शरीरात मात्र अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा अक्षतंतू असतो. इंग्लंडमध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्यात बारीक तार घालून वीज मोजली आणि सोडियम-पोटॅशियमच्या दारांचा सगळा हिशेब १९५२ साली मांडला. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन एकल्स यांच्यासोबत मिळाले.

दोन काठांमधली फट

आता मुख्य जागेकडे येऊ. लाट अक्षतंतूच्या टोकाला पोहोचली, पुढे स्नायू आहे, पण दोघे एकमेकांना चिकटलेले नाहीत. मधे फट आहे, मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकी. वीज या फटीवरून उडी मारत नाही. इथे नाव लागते.

तंतूच्या टोकाशी बारीक बारीक पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. प्रत्येकीत ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे हजारो रेणू असतात. लाट टोकाला आली की कॅल्शियम आत शिरते, पिशव्या काठाला येऊन फुटतात आणि रसायन फटीत सांडते. पलीकडे स्नायूच्या पडद्यावर त्याच्यासाठी खास कुलपे बसवलेली आहेत. रसायनाची किल्ली कुलपात बसली की स्नायूचे दार उघडते, सोडियम आत जाते, स्नायूत नवी लाट उठते आणि स्नायू आकसतो. काम झाले की एक विकर म्हणजे एन्झाइम ते रसायन लगेच तोडून टाकते, म्हणजे पुढच्या निरोपासाठी फट मोकळी होते.

निरोप असा रसायनाने जातो हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवले आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासह मिळाले.

आपण पापणी उघडतो, घास गिळतो, शब्द उच्चारतो, श्वास घेतो, ते सगळे या फटीतून निरोप पलीकडे गेला तरच. मण्यारीचे विष याच फटीवर येऊन बसते.

मण्यार नेमके काय करते

मण्यार काळसर रंगाची आणि अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांची असते. रात्री फिरते. तिचे दात बारीक, त्यामुळे चावल्याची खूण अनेकदा सापडतच नाही आणि दुखतही नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

तिच्या विषातले एक द्रव्य तंतूच्या टोकात शिरते. आधी पिशव्या रिकाम्या होतात, मग टोकच खराब होते. म्हणजे लाट येते, पण सोडायला नावच उरत नाही. मण्यारीच्या विषात दुसऱ्या जातीचे द्रव्यही असते. ते पलीकडच्या कुलपात घट्ट अडकून बसते, म्हणजे नाव आली तरी धक्क्याला जागा नाही. नागाच्या विषाचा मुख्य मारा या दुसऱ्या जातीचा.

या द्रव्यांनी विज्ञानाचे एक मोठे कामही केले आहे. तैवानमध्ये सी. सी. चांग आणि सी. वाय. ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून ही द्रव्ये १९६३ साली वेगळी केली. स्नायूवरचे कुलूप नेमके कसे आहे हे शास्त्रज्ञांना पुढे त्यातूनच शोधता आले, कारण हे विष त्या कुलपाला सोडून दुसरीकडे फारसे चिकटत नाही.

आता पहाटेच्या त्या माणसाकडे परत जाऊ. पापण्यांचे आणि डोळ्यांचे स्नायू लहान आणि सतत कामात, म्हणून पहिली खूण तिथे दिसते. पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात. मग गिळता येत नाही, लाळ साठते, बोलणे अडखळते, मान धरत नाही. शेवटी छातीचे आणि पोट-छातीमधल्या पडद्याचे स्नायू थकतात.

पण विष रक्तातून मेंदूत शिरत नाही. हृदयाला तर ठोके देण्यासाठी बाहेरचा निरोप लागतच नाही. त्याची स्वतःची ठोके देणारी पेशी-जागा आहे. म्हणून हा माणूस ऐकत असतो, त्याला कळत असते, फक्त सांगता येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्याही मोठ्या होऊन उजेडाला हलेनाशा होतात. अशा वेळी बॅटरी मारून "बाहुली हलत नाही, संपले" असे म्हणणे ही भयंकर चूक ठरू शकते. त्याच्या उशाशी बसून रडण्यात गेलेली दहा मिनिटे त्याच्या श्वासाची असतात.

रुग्णालयात व्हेंटिलेटर लावतात तो यासाठी. यंत्र छातीचे काम करते आणि तेवढ्या दिवसांत शरीर तंतूची खराब झालेली टोके नव्याने वाढवते. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सर्पदंशाची लस रक्तातले मोकळे विष पकडते. टोकात शिरून बसलेले विष ती उपटून काढू शकत नाही. म्हणून लस जितकी लवकर, तितकी कामाची. नाग चावला असेल तर कुलपाशी गर्दी वाढवणारे आणखी एक इंजेक्शन डॉक्टर वापरतात. मण्यारीत त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण तिथे नावच संपलेली असते.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून तयार केलेली असते. कोणता साप होता ते ओळखता आले नाही तरी ती देता येते. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये त्यासाठी वापरतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी जोडलेले आहे. लागणारे विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. ज्यांना समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, त्यांच्या हातच्या कौशल्यावर देशभरातले जीव वाचतात, हे विसरून चालणार नाही.

विंचू आणि फवारणी

निरोप अडणे हा जसा धोका, तसा तो न थांबणे हाही धोकाच. लाल विंचवाचे विष सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही. मज्जातंतू एकसारखे लाटा सोडत राहतात, अंग घामाने भिजते, रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. कोकणात याने माणसे मरत होती. महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एकेक रुग्ण रात्र रात्र तपासून हा क्रम ओळखला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरले. गंभीर रुग्णांतला मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, तालुक्याच्या गावात हे काम झाले.

तिसरा धोका मळ्यातलाच. काही कीटकनाशके त्या फट मोकळी करणाऱ्या विकरालाच बंद पाडतात. रसायन साचते, लाळ-घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि मग गळून जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी-मजुरांचे मृत्यू झाले, ते आपल्याला आठवत असतील. तोंडाला नुसता रुमाल बांधून आणि उघड्या अंगाने फवारणी करणाऱ्या मजुराला हे कुणी समजावून सांगितलेले नसते.

मांत्रिकाला यश का येते?

"आमच्या काकांना देवर्ष्याने वाचवले," असे सांगणारे प्रत्येक गल्लीत भेटतात. ते खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा माणसाला मंत्र म्हणा, लिंबू कापा किंवा काहीच करू नका, तो बरा होणारच. श्रेय मात्र मांत्रिक घेऊन जातो. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले, तो मांत्रिकाच्या अंगणात वेळ घालवतो आणि मग त्याचे नशीब खोटे ठरते. तंतूच्या टोकाशी संपलेल्या पिशव्या कोणत्याही मंत्राने भरत नाहीत.

हा आता केवळ मताचा प्रश्नही राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झटले, त्यातले हे कलम आपल्या वस्तीत प्रत्येकाला ठाऊक हवे.

आपल्यातले काही जण म्हणतील, परित्त पाठात सापांसाठी सुत्त आहेच ना? आहे. श्रावस्तीला एक भिक्खू साप चावून मरण पावला, त्यावरून सापांच्या चार कुळांबद्दल मैत्री बाळगायचा तो उपदेश आहे. पण विनयात, औषधांच्या प्रकरणात, साप चावलेल्या भिक्खूला त्या काळी ठाऊक असलेले औषध देण्याची मुभाही बुद्धांनी दिल्याची नोंद आहे. ते औषध आज वापरायचे नाही, कारण आज त्याहून चांगले औषध हाती आहे. पाठ म्हणायचा असेल तर रुग्णवाहिकेत म्हणावा. मैत्री सापाशीही असावी. त्याला मारत बसण्यात किंवा पकडून रुग्णालयात नेण्यात वेळ घालवू नये.

मग करायचे काय?

पहाटे कुणाच्या पापण्या पडत असतील, गिळता येत नसेल, पोटात कळ असेल आणि तो जमिनीवर झोपलेला असेल, तर चाव्याची खूण शोधत बसू नका. मण्यार समजूनच निघा. १०८ वर फोन करा किंवा मिळेल ते वाहन घ्या. बावड्यातून सीपीआर दूर नाही. निघतानाच डॉक्टरांना सांगा की साप चावल्याचा संशय आहे आणि पापण्या किती वाजल्यापासून पडायला लागल्या ते लिहून ठेवा.

चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. अंगठी, जोडवी, बांगड्या काढा. आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने विष ओढू नका, काही खायला-प्यायला देऊ नका. गिळता येत नसताना दिलेला पाण्याचा घोट फुप्फुसात जातो. माणसाला कुशीवर झोपवा. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा, आणि त्याच्याशी बोलत राहा. तो ऐकत असेल.

रुग्णालयात लगेच काही दिसले नाही म्हणून घरी यायची घाई करू नका. मण्यारीच्या खुणा काही तासांनीही उमटतात, म्हणून डॉक्टर २४ तास थांबवून ठेवतात.

आणि त्याआधीचे काम घरात. जमिनीऐवजी खाटेवर झोपणे, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे, सरपण आणि अडगळ भिंतीपासून दूर ठेवणे, रात्री बाहेर पडताना बॅटरी घेणे. खाट आणि मच्छरदाणी ही प्रत्येकाला परवडणारी वस्तू नाही, हे आम्हाला माहीत आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. खोपीत झोपणारा ऊसतोड कामगार, पहाटे पाणी पाजायला जाणारा शेतमजूर, अंधारात उघड्यावर जाणारी बाई, यांचाच पाय सापावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले, आणि दुर्लक्ष कुणाकडे झाले ते वेगळे सांगायला नको. म्हणून मच्छरदाण्या आणि खाटा वाटण्याचा कार्यक्रम हा जयंतीच्या कार्यक्रमाइतकाच मोलाचा आहे असे आम्हाला वाटते. यंदा हंगाम सुरू होण्याआधी मळ्यांमधल्या खोपींची यादी करायला कुणी पुढे येणार असेल, तर आम्ही सोबत आहोत.

अभ्यासवर्गातल्या मुलांना आम्ही शेवटी एकच गोष्ट सांगतो. साप चावलेला माणूस बोलत नाही, हलत नाही, डोळे उघडत नाही, तरीही बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी भरलेले असते. फक्त खालचा पाट अडलेला असतो. पाट मोकळा होईपर्यंत त्याचा श्वास कुणीतरी चालू ठेवायला हवा.